मेल जात नाही? आधी तो नेमका कुठे अडलाय ते शोधा

सोसायटीची तीनशे मेंटेनन्स बिलं, सीए ऑफिसातून जुलैअखेर निघणारी विवरणपत्रं, झेरॉक्स मशीनवरून थेट मेलवर जाणारे स्कॅन. मेल येतात व्यवस्थित, पण जायचं नाव घेत नाहीत. काही आउटबॉक्समध्ये अडकून पडतात, काही ‘स्पॅम’चा शिक्का घेऊन परत येतात. इंटरनेट कंपनीला फोन केला की राउटर बंद-चालू करायला सांगतात. मेल होस्टिंगवाला म्हणतो, आमच्याकडे सगळं ठीक आहे.

बहुतेक वेळा दोघंही खरंच सांगत असतात. ‘मेल ब्लॉक झाला’ म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक, इंटरनेट कंपनीने तुमच्या लाइनवर एक पोर्ट, म्हणजे मेल जायची आकड्याने ओळखली जाणारी वाट, बंद ठेवलेलं असतं. दोन, ज्या सर्व्हरमार्फत तुम्ही मेल पाठवता तोच मेल घेत नाही. तीन, तो सर्व्हर मेल घेतो, पण समोरच्याचा सर्व्हर नाकारतो. चार, तुमच्या ऑफिसातलं एखादं मशीन किंवा खातं खरोखरच स्पॅम पाठवत असतं आणि अडवणाऱ्याने योग्यच केलेलं असतं. चारही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, म्हणून पहिला अर्धा तास निदानालाच द्या.

परत आलेला निरोप वाचा

मेल पाठवल्यावर काही मिनिटं काहीच होत नाही आणि मग ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ असं दिसतं, तर अडथळा वाटेत आहे: पोर्ट, फायरवॉल किंवा अँटिव्हायरस. पाठवल्याक्षणी स्क्रीनवर नकार आला, तर तो तुमच्याच पाठवणाऱ्या सर्व्हरचा आहे. मेल ‘सेंट’मध्ये गेला आणि नंतर ‘मेलर-डीमन’च्या नावाने परत आला, तर बहुधा समोरच्याने नाकारलंय.

परत आलेल्या मेलमध्ये तीन आकडी कोड शोधा. ४ ने सुरू होणारा कोड, जसा ४२१ किंवा ४५१, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, तुम्ही काही करायचं नसतं. ५ ने सुरू होणारा म्हणजे पक्का नकार. ५३५ म्हणजे युजरनेम-पासवर्ड पटला नाही. ५३० म्हणजे बहुधा आधी एन्क्रिप्शन (संभाषण सांकेतिक करणं) सुरू करा किंवा लॉगिन करा. ५५० आणि ५५४ यांच्या पोटात मात्र बरंच काही येतं, म्हणून पुढचं वाक्यही वाचा. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ दिसलं तर त्याचा स्पॅमशी संबंध नाही. तुम्ही लॉगिन न करताच मेल पाठवायला गेलात एवढाच अर्थ. त्या वाक्यात ‘स्पॅमहाउस’सारखं, स्पॅमसाठी बदनाम पत्त्यांच्या एखाद्या यादीचं नाव आणि चौकोनी कंसात आयपी पत्ता असेल, तर तो पत्ता लिहून ठेवा. तो तुमच्या ऑफिसच्या लाइनचा आहे की मेल होस्टिंगच्या सर्व्हरचा, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. होस्टिंगचा असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीशी भांडून काहीच उपयोग नाही.

हा निरोप पूर्ण जपून ठेवा, हेडरसकट, म्हणजे मेल कुठून कसा आला हे सांगणाऱ्या तांत्रिक ओळींसकट. स्क्रीनशॉटमध्ये नेमका हवा तो भाग कापला जातो.

पोर्टची चाचणी: दहा मिनिटांचं काम

विंडोजवर पॉवरशेल उघडा. ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ हा आदेश, पुढे जीमेलच्या पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव म्हणजे ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’, पुढे ‘-पोर्ट’ आणि आकडा ५८७. हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचं. शेवटच्या ओळीत ‘टीसीपी-टेस्ट-सक्सीडेड’समोर ‘ट्रू’ आलं तर वाट मोकळी, ‘फॉल्स’ आलं तर बंद. मग तोच आदेश ४६५ आणि २५ या आकड्यांनी चालवा. मॅकवर आणि लिनक्सवर हेच काम ‘एनसी’ हा आदेश करतो. त्याला ‘-व्हीझेड’ हा पर्याय द्यायचा, मग सर्व्हरचं नाव आणि पोर्ट.

५८७ आणि ४६५ उघडी आणि २५ बंद आलं, तर घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या लाइनवर हे अगदी नेहमीचं चित्र आहे. तिन्ही बंद असतील तर आधी अँटिव्हायरसमधलं मेल-तपासणीचं कलम आणि ऑफिसचा फायरवॉल बघा. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून ५८७ पुन्हा तपासा. हॉटस्पॉटवर चाललं तर दोष ऑफिसच्या लाइनमध्ये किंवा नेटवर्कमध्ये. हॉटस्पॉटवर पोर्ट २५ तपासून मात्र निष्कर्ष काढू नका, मोबाइल कंपन्याही ते बहुधा बंदच ठेवतात.

एक अवघड जागा अशी की पोर्ट उघडं दिसतं आणि तरीही मेल जात नाही. अशा वेळी ‘टेलनेट’ या आदेशाने सर्व्हरच्या ५८७ ला जोडून पहिली ओळ बघा. ती २२० या आकड्याने सुरू होते आणि पुढे सर्व्हरचं नाव येतं. नावाच्या जागी नुसत्या चांदण्या, म्हणजे फुल्यांची रांग दिसली, तर मध्ये बसलेलं एखादं उपकरण संभाषणात हात घालतंय. सिस्कोच्या फायरवॉलमध्ये एसएमटीपी (मेल पाठवायची सर्व्हरची भाषा) तपासणीचं कलम आहे, त्याची ही ओळखीची खूण. ते कलम ‘स्टार्टटीएलएस’ हा एन्क्रिप्शन सुरू करायचा शब्दही खाऊन टाकू शकतं. मग मेल प्रोग्रॅमला वाटतं की सर्व्हरला एन्क्रिप्शन येतच नाही, आणि तो थांबतो. फायरवॉल सांभाळणाऱ्याला ‘ईएसएमटीपी इन्स्पेक्शन बंद करा’ एवढं नेमकं सांगा.

पोर्ट २५ उघडा म्हणून मागे लागू नका

एसएमटीपीचा मूळ मसुदा ऑगस्ट १९८२ चा. त्यात पाठवणारा कोण हे तपासायची सोयच नव्हती. पोर्ट २५ वर येईल त्याचा मेल घ्यायचा, एवढंच. पुढे व्हायरस लागलेले घरगुती कॉम्प्युटर याच वाटेने थेट जगभरच्या सर्व्हरवर स्पॅम ओतू लागले, आणि इंटरनेट कंपन्यांनी घरगुती लाइनवरून ही वाट बंद केली. पण त्याच्या आधीच, डिसेंबर १९९८ मध्ये, माणसांनी आपला मेल आपल्या सर्व्हरकडे सोपवण्यासाठी पोर्ट ५८७ वेगळं काढण्यात आलं होतं. तिथे लॉगिन करूनच मेल पाठवता येतो. जानेवारी २०१८ च्या मानकाने पोर्ट ४६५ ची शिफारस केली. तिथे पहिल्या अक्षरापासून सगळं एन्क्रिप्टेड असतं.

तेव्हा पोर्ट २५ हे सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचं पोर्ट आहे. तुमच्या आउटलुकमध्ये, टॅलीत किंवा प्रिंटरमध्ये २५ लिहिलेलं असेल तर सेटिंग जुनं आहे, ते बदलायचं. कंपनीने बंदी घालून तुमच्यावर अन्याय केलेला नाही. उलट तुमच्या शेजाऱ्याच्या व्हायरस लागलेल्या लॅपटॉपपासून तुमच्या आयपीची अब्रू ती बंदीच वाचवते.

मेल प्रोग्रॅममध्ये काय बदलायचं

थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीत अगदी खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे. जुन्या आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंग्ज, चेंज, मोअर सेटिंग्ज असं जाऊन ‘आउटगोइंग सर्व्हर’ या पानावर ‘माझ्या पाठवणाऱ्या सर्व्हरला लॉगिन लागतं’ अशा अर्थाच्या वाक्यासमोर टिक करा, मग ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर पोर्ट बदला. ही टिक राहून जाणं हे ‘रिले ॲक्सेस डिनाइड’चं सगळ्यात मोठं कारण आहे.

पोर्ट आणि एन्क्रिप्शन यांची जोडी ठरलेली आहे: ५८७ सोबत स्टार्टटीएलएस, ४६५ सोबत एसएसएल/टीएलएस. उलटसुलट केलं तर काय होतं हे माहीत असलेलं बरं. ४६५ वर स्टार्टटीएलएस निवडलं की प्रोग्रॅम सर्व्हरच्या २२० ची वाट बघतो, सर्व्हर प्रोग्रॅमच्या एन्क्रिप्शनची वाट बघतो, दोघंही गप्प. आणि तुम्हाला वाटतं कंपनीने ब्लॉक केलं. ५८७ वर थेट एसएसएल निवडलं तर ‘राँग व्हर्जन नंबर’सारखी चूक लगेच येते. काही प्रोग्रॅममध्ये नुसतं ‘टीएलएस’ लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ स्टार्टटीएलएस असतो. शंका आली तर दोन्ही पोर्टं आलटून पालटून बघा.

पासवर्डचं प्रकरण वेगळं. जीमेलच्या खासगी खात्यांसाठी मे २०२२ अखेर नेहमीच्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅममधून लॉगिन करणं बंद झालं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड बनवावा लागतो, आणि गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. महिनोन्‌महिने नीट चाललेला प्रिंटर एका सकाळी ५३५ दाखवू लागतो, तेव्हा कोणीतरी आदल्या दिवशी पासवर्ड बदललेला असतो. आउटलुक डॉट कॉमच्या खासगी खात्यांवरही १६ सप्टेंबर २०२४ पासून साध्या पासवर्डचं लॉगिन चालत नाही. तिथे नव्या पद्धतीचं लॉगिन येणारा प्रोग्रॅमच लागतो. झोहोचं भारतातलं खाते असेल तर सर्व्हरच्या नावात शेवटी ‘डॉट कॉम’ नव्हे, ‘डॉट इन’ येतं, आणि स्वतःच्या डोमेनचं खातं असेल तर सुरुवातीला ‘एसएमटीपीप्रो’.

जुन्या ब्रॉडबँड जोडणीच्या काळात पाठवणारा सर्व्हर म्हणून इंटरनेट कंपनीचाच सर्व्हर भरायची पद्धत होती. ते सेटिंग अजून कुठे शिल्लक असेल तर काढून टाका. तुमच्या डोमेनच्या नावाने दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून मेल निघाला की तो आजच्या नियमांत बनावट ठरतो.

प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, टॅली

ऑफिसात खरी डोकेदुखी इथे आहे. स्कॅन-टू-मेल करणाऱ्या मशीनमध्ये कारखान्यातून पोर्ट २५ भरून येतं. मशीनचं वेब पान उघडा, म्हणजे ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाका, आणि एसएमटीपीच्या पानावर सर्व्हर, ५८७, स्टार्टटीएलएस, युजरनेम म्हणून पूर्ण मेल पत्ता आणि ॲप पासवर्ड भरा. ‘फ्रॉम’मध्ये तोच पत्ता ठेवा.

एवढं करूनही चालत नसेल तर क्रमाने बघा. नेटवर्कच्या पानावर गेटवे (बाहेर जायची वाट) आणि डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) भरलंय का? नुसता आयपी हाताने टाकलेल्या मशीनमध्ये या दोन जागा हमखास रिकाम्या सापडतात. छपाई चालते, पण मशीन बाहेर बोलू शकत नाही. मशीनचं घड्याळ बरोबर आहे का? लाइट गेल्यावर तारीख २००० सालावर गेलेली असली की सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं मशीनला वाटतं आणि ते जोडणी तोडतं. स्कॅन किती मोठं आहे? जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण जोडपत्र मेलमध्ये घालताना साधारण एक तृतीयांशाने फुगतं, म्हणजे १८ एमबीच्या वरची फाइल पाठवूच नका. ३०० डीपीआय रंगीतऐवजी २०० डीपीआय ग्रे केलं तरी करारनामा, बिलं, पावत्या स्वच्छ वाचता येतात.

मशीन इतकं जुनं असेल की त्याला एन्क्रिप्शनची टीएलएस १.२ ही आवृत्ती येतच नाही, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ त्याचं ऐकणार नाही. दोन वाटा आहेत. सोपी म्हणजे मेल सोडून द्या आणि स्कॅन ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या शेअर फोल्डरमध्ये टाका. दुसरी, ऑफिसातच एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर ठेवून त्यावर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम बसवा. मशीनने त्याच्याकडे २५ वर साधा मेल द्यायचा, आणि त्याने लॉगिन करून ५८७ ने पुढे पाठवायचा. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये ‘रिलेहोस्ट’च्या ओळीत सर्व्हरचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे ५८७ लिहा; कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या नावाचे एमएक्स, म्हणजे येणारा मेल घेणारे सर्व्हर, शोधत बसतो. लॉगिन चालू करा, टीएलएस सक्तीचं ठेवा, पासवर्डच्या फाइलची परवानगी ६०० करा आणि ‘पोस्टमॅप’ चालवा. लॉगमध्ये ‘नो वर्दी मेक्स फाउंड’ दिसलं तर डेबियन किंवा उबुंटूवर एसएएसएल मॉड्यूल्सचं पॅकेज बसवायचं राहिलंय. विश्वासातल्या नेटवर्कच्या यादीत फक्त ऑफिसचं अंतर्गत नेटवर्क ठेवा, आणि राउटरवर २५ बाहेरून आत फॉरवर्ड करू नका. ते केलंत की जगातला कोणीही तुमच्या नावाने स्पॅम पाठवू शकेल, आणि काही तासांत पाठवायला लागेल.

सर्व्हर ‘स्पॅम’ म्हणून नाकारतो तेव्हा

पोर्ट ठीक, लॉगिन ठीक, तरी ५५० किंवा ५५४ येतं. आधी संख्या बघा. शेअर्ड होस्टिंगवर तासाला किती मेल याची मर्यादा असते, आणि प्रत्येक बीसीसी पत्ता वेगळा मोजला जातो. जीमेलच्या खासगी खात्याला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, गूगलच्या ऑफिसांसाठीच्या वर्कस्पेसला २,००० मेलची. तीनशे सभासदांना एका बीसीसीत बिल पाठवणं हे स्पॅमच्या वागणुकीसारखंच दिसतं. प्रत्येकाला त्याच्या नावाचं स्वतंत्र बिल पाठवा, तासाभरात पन्नासेक असे हप्ते करा. महिन्याला हजारोंनी जात असतील तर त्यासाठीच असलेली सेवा घ्या; ॲमेझॉन एसईएसचं मुंबई केंद्र आहे, झोहोचीही झेप्टोमेल आहे. एसईएसचं नवं खातं सुरुवातीला बंदिस्त असतं, २४ तासांत २०० मेल आणि तेही पडताळलेल्या पत्त्यांनाच. ते खुलं करायला अर्ज करावा लागतो, तेव्हा महिनाअखेरीला धावाधाव नको.

संख्या कमी असूनही नाकारलं, तर मजकुरात काहीतरी खटकतंय. ते अंदाजाने नव्हे, वजाबाकीने शोधा. आधी ‘चाचणी’ एवढ्या एका ओळीचा साधा मेल पाठवा, सहीशिवाय. गेला, तर सही जोडून पाठवा. मग लिंक, मग जोडपत्र. दोषी बऱ्याचदा सहीतली वेबसाइटची लिंक निघते: साइट हॅक झालेली असते, तिचं डोमेन यादीत गेलेलं असतं, आणि कर्मचाऱ्यांचा प्रत्येक मेल त्या एका ओळीमुळे अडत असतो. अशा वेळी मेल सर्व्हर बदलून काही फरक पडत नाही, साइटच साफ करावी लागते. पासवर्ड घातलेली झिप, मॅक्रो असलेली एक्सेल, लिंक आखूड करणाऱ्या सेवांचे पत्ते हेही नेहमीचे दोषी.

मग तुमच्या डोमेनचे कागदपत्र, म्हणजे डीएनएसमधल्या तीन नोंदी. एसपीएफ सांगते की या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतो. ती एकच असायला हवी. होस्टिंग बदलताना जुनी न काढता नवी टाकली की दोन होतात आणि दोन्ही निकामी ठरतात. शिवाय तिच्यातून दहापेक्षा जास्त डीएनएस शोध निघता कामा नयेत. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करते. ती चालू करायचं बटण मेल सेवेच्या ॲडमिन पानावर असतं, तिथून मिळालेली किल्ली डीएनएसमध्ये चिकटवायची. २,०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांत मावत नाही, म्हणून काही डीएनएस पॅनेलमध्ये ती दोन तुकड्यांत द्यावी लागते. डीमार्क या दोघींवर देखरेख करते; सुरुवात ‘पी=नन’ने करा आणि अहवाल एखाद्या पत्त्यावर मागवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही मागतं, आणि छोट्यांकडूनही एसपीएफ किंवा डीकेआयएम यापैकी एक तरी हवंच.

काळी यादी: कोणाचा पत्ता, कुठल्या यादीत

राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा आणि तो ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरच्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहक वाटून घेतात. त्यातल्या एकाच्या मशीनला बॉट (परस्पर स्पॅम पाठवणारा व्हायरस) लागला तरी यादीत सगळ्यांचा पत्ता जातो. अशा पत्त्याची सुटका करून घेण्यात वेळ घालवू नका, तो तुमचा नाहीच.

स्पॅमहाउसच्या साइटवर पत्ता तपासला की यादीचं नाव कळतं. पीबीएल ही गुन्हेगारांची यादी नव्हे. ‘या पत्त्यावरून थेट मेल निघायला नको’ एवढंच ती सांगते, आणि घरगुती पत्ते तिच्यात असायचेच. तुम्ही ५८७ वर लॉगिन करून पाठवत असाल तर पीबीएलचा त्रास व्हायला नको. होत असेल तर तुमच्या मेल सर्व्हरवाल्याची मांडणी चुकली आहे: तो लॉगिन झालेल्या ग्राहकाचाही पत्ता यादीशी ताडतोय. त्याला सांगा की ‘लॉगिन झालेल्यांना परवानगी’ ही ओळ ‘यादीत असल्यास नकार’ या ओळीच्या आधी हवी. सर्व्हरवाल्यांची दुसरी एक चूक तर सगळाच मेल अडवते. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून स्पॅमहाउसला विचारलं की उत्तर १२७.२५५.२५५.२५४ असं येतं. त्याचा अर्थ ‘इथून विचारू नका’, पण ढिला सर्व्हर त्याला ‘यादीत आहे’ समजतो.

एक्सबीएलमध्ये नाव असेल तर मात्र गंभीर. त्या पत्त्यामागे बॉट लागलेलं किंवा ताबा गेलेलं मशीन आहे. ते साफ न करता नाव काढायला अर्ज केला तर नाव पुन्हा येतं आणि पुढच्या वेळी काढणं कठीण होतं. राउटरवर आतून बाहेर जाणारं पोर्ट २५ अडवा आणि लॉग ठेवा. कुठला अंतर्गत पत्ता त्यावर धडका मारतोय ते दिसेल. बऱ्याचदा तो कॉम्प्युटर नसतो, डीव्हीआर किंवा स्वस्तातला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स असतो. विंडोज मशीनसाठी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट काढायची मोफत साधनं आहेत, त्यात पुण्याच्या क्विक हीलचंही आहे.

न पाठवलेल्या मेलचे बाउन्स येत असतील तर खातं हॅक झालंच असं नाही, कोणी नुसतं तुमचं नाव वापरत असेल. परत आलेल्या मूळ मेलच्या हेडरमधली ‘रिसीव्हड’ची सगळ्यात खालची ओळ आणि तुमच्या सर्व्हरचा लॉग बघा. तुमच्याच सर्व्हरवरून लॉगिन करून निघाला असेल तर पासवर्ड बदला, सगळीकडची लॉगिनं बंद करा, आणि ‘फिल्टर’ व ‘फॉरवर्डिंग’ तपासा. चोर जाताना तिथे एखादा नियम मागे ठेवून जातात.

नाव काढायला स्पॅमहाउस पैसे घेत नाही. एखादी यादी पैसे मागत असेल तर देऊ नका. तुमचा बाउन्स खरंच तिच्यामुळे येतोय का ते आधी बघा.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल तर

फक्त तुम्हालाच पोर्ट २५ खरोखर लागतं. ऑफिसात सर्व्हर असेल तर स्थिर आयपी असलेली व्यावसायिक जोडणी घ्या आणि ती घेतानाच विचारा: बाहेर जाणारं २५ उघडं मिळेल का, आणि पीटीआर नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, माझ्या सर्व्हरच्या नावाने कराल का. पीटीआर फक्त आयपीचा मालक, म्हणजे इंटरनेट कंपनीच करू शकते. तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये ती होत नाही. पत्त्यावरून नाव आणि नावावरून तोच पत्ता, असं दोन्हीकडून जुळलं पाहिजे. आयपीव्ही६ ला पीटीआर नसेल तर जीमेल नाकारतं. तोपर्यंत पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा. क्लाउडवर असाल तर ॲमेझॉनकडे २५ उघडायला अर्ज करता येतो, गूगल क्लाउडवर बाहेरच्या जगाकडे जाणारं २५ सहसा बंदच असतं. आमचं स्पष्ट मत: वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसने आपला सर्व्हर फक्त येणाऱ्या मेलसाठी ठेवावा आणि जाणारा मेल रिले सेवेकडून, म्हणजे आपला मेल पुढे पोचवणाऱ्या सेवेकडून, ५८७ ने पाठवावा.

कंपनीला काय लिहायचं

फोनवर ‘मेल जात नाही’ म्हणाल तर राउटरच बंद-चालू होईल. लेखी द्या, आणि असं द्या:

‘ग्राहक क्रमांक अमुक, सार्वजनिक आयपी अमुक. अमुक तारखेला सकाळी ११ वाजता या लाइनवरून पोर्ट ५८७ ला जोडणी होत नाही. त्याच वेळी दुसऱ्या लाइनवरून होते. दोन्ही चाचण्यांची प्रत सोबत आहे. कृपया कळवा: या लाइनवर कुठली पोर्टं बंद आहेत? गैरवापराच्या तक्रारीमुळे बंदी घातली आहे का? असल्यास तक्रारीतली वेळ आणि पोर्ट द्यावं, म्हणजे मशीन शोधता येईल.’

डॉकेट क्रमांक घ्या. पहिल्या पायरीवर तड लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी घेत नाही. त्यापुढची दाद दूरसंचार विभागाकडे, केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरून. आयपीच्या नोंदीत कंपनीच्या ‘ॲब्यूज’ कक्षाचा पत्ता असतो, तिथेही प्रत पाठवा. तिथली माणसं बाउन्स वाचू शकतात.

सुरू झाल्यावर

स्वतःच्या जीमेल पत्त्यावर एक मेल पाठवा आणि तिथे ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींसमोर ‘पास’ हवं. आउटबॉक्सची काळजी मात्र आधीच घ्यायची. आठवडाभर अडकलेले मेल वाट मोकळी होताच एका दमात सुटतात, तासाची मर्यादा ओलांडतात, आणि संध्याकाळी खातं पुन्हा बंद पडतं. म्हणून सेटिंग बदलण्याआधीच प्रोग्रॅम ऑफलाइन करा, आउटबॉक्समधले शिळे मेल काढून टाका, उरलेले ड्राफ्टमध्ये हलवा आणि दहा-दहाने सोडा.